"माईक धरला की झाला कॉमेडियन" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

दिवाळीपासून एक मेसेज फिरतोय, मथळा "हास्याचा ऱ्हास", शेवटी "मराठी माणसाने जरूर शेअर करा" आणि हात जोडलेले तीन इमोजी. मला आत्तापर्यंत सात जणांनी पाठवलाय. मामांनी तर दोनदा, आणि दुसऱ्यांदा पाठवताना खाली लिहिलं, "तुझ्याबद्दल नाही हं."

मी दिवसा पुण्यात इन्शुरन्सचे क्लेम तपासतो आणि आठवड्यातनं दोन-तीन रात्री मराठीत स्टँडअप करतो, म्हणजे एकट्यानं माईकसमोर उभं राहून लोकांना हसवायचं. पाच वर्षं झाली, तुम्ही माझं नाव ऐकलेलं नसणार आणि त्यात तुमची काही चूक नाही. क्लेम तपासायची सवयच लागलीय तर हा पण तपासून टाकू. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: स्टँडअपवाले काही तयारी न करता माईक धरून गप्पा हाणतात, शिव्यांशिवाय यांना हसवता येत नाही, आपल्याकडे पुलं होते आणि हे सगळं अमेरिकेचं उष्टं आहे, तेच ते जोक गावोगाव सांगून एका तासाचे लाखो रुपये घेतात, वाटेल ते बोलतात तरी कुणी जाब विचारत नाही, आणि मराठीत तर हे चालणारच नाही.

"काही तयारी नसते, नुसत्या गप्पा असतात."

हा मुद्दा वाचून मी आधी खूशच झालो, कारण गप्पा वाटाव्यात म्हणून तर सगळी मरमर असते. माझ्याच एका जोकचं सांगतो, म्हणजे कळेल. आमच्या गावाला एसटीचा विनंती थांबा आहे, आणि माझं लग्न जमत नाहीये. एवढाच माल होता. पहिल्यांदा एका कॅफेतल्या ओपन माईकला (कुणीही येऊन पाच मिनिटं करून बघायची रात्र) मी तो असा मांडला: "माझं लग्न जमत नाहीये, म्हणजे स्थळं येतात पण पुढं सरकतच नाहीत, आमच्या गावच्या विनंती थांब्यासारखं झालंय, तिथं गाड्या थांबतच नाहीत." शांतता. मागं कुणीतरी कोल्ड कॉफीत स्ट्रॉ फिरवत होतं त्याचा आवाज मला अजून आठवतो. जोक मेला कारण मी उत्तर आधी सांगितलं आणि कोडं नंतर घातलं.

मग उलटा केला. आधी थांबा: "आमच्या गावाला स्टॉप नाही, विनंती थांबा आहे. म्हणजे एसटी थांबेल असं नाही, तुम्ही विनंती करायची." इथं थोडं हसले. "माझ्या लग्नाचं पण तसंच चाललंय, हात करतोय, गाड्या दिसतायत, आणि प्रत्येक जण जाता जाता सांगतोय, मागनं रिकामी येतेय." आता हसले, पण अर्धवट. का अर्धवट ते फोनवर केलेलं रेकॉर्डिंग पीएमपीच्या बसमध्ये कानात घालून आठ-दहा वेळा ऐकल्यावर कळलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसायचा शब्द "रिकामी" मध्येच अडकतो आणि त्याच्यावर "येतेय" जाऊन बसतं, लोक हसायला तोंड उघडतात तेवढ्यात मी अजून बोलतच असतो. म्हणून केलं "मागनं येतेय... रिकामी." एक शब्द हलवला फक्त. मराठीत जोक लिहिताना ही लढाई रोजची आहे, आम्ही वाक्याच्या शेवटचं "आहे" तर सरसकट कापून टाकतो, व्याकरणाच्या बाईंची माफी मागून.

त्यावर टॅग लागला, म्हणजे पंचच्या (हसवणाऱ्या ओळीच्या) मागोमाग लगेच येणारा दुसरा छोटा पंच: "आई म्हणते, मिळेल त्या गाडीत चढ, उभ्यानं जा." हा मला घरी सुचला नाही, स्टेजवर घाबरून काहीतरी बोलायचं म्हणून तोंडातनं निघाला. आणि शेवटी कॉलबॅक, म्हणजे आधीचा जोक नंतर परत आणणं. सेटच्या, म्हणजे त्या दिवशी स्टेजवर सांगायच्या सगळ्या जोकांच्या, अखेरीस माझ्या अप्रेझलचा एक किस्सा आहे, बॉस म्हणतो यंदा बजेट नाही, पुढच्या वर्षी नक्की बघू, आणि मी फक्त एसटीला करतात तसा हात करून उभा राहतो, एक शब्द बोलत नाही. सगळ्यात मोठा हशा तिथं. हे सगळं मिळून दीड मिनिट होतं, याला सात महिने गेले. शिवाय सांगली-साताऱ्याकडं "विनंती थांबा" एवढ्या शब्दावरच हशा मिळतो आणि पुण्यात इंजिनिअरिंगच्या पोरांसमोर तोच शब्द समजावून सांगावा लागतो, म्हणजे एकाच जोकच्या दोन आवृत्त्या डोक्यात ठेवायच्या आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात समोर कोण बसलंय ते बघून ठरवायचं कुठली काढायची.

मी काय फार कष्टाळू आहे असं नाही, सगळे असंच करतात. अमेरिकन कॉमेडियन जेरी साइनफेल्डनं १९९८ मध्ये स्वतःचे वर्षानुवर्षं घासलेले जोक एका शोमध्ये शेवटचे सांगितले आणि निवृत्त केले, मग छोट्या क्लबांत जाऊन शून्यापासून सुरुवात केली. टीव्हीवरचा एवढा मोठा माणूस, आणि २००२ साली आलेल्या डॉक्युमेंटरीत तो नव्या पाच मिनिटांसाठी स्टेजवर चाचपडताना दिसतो. तिथंच फिलिस डिलर नावाच्या बाई होत्या, १९५५ मध्ये वयाच्या ३७व्या वर्षी स्टँडअप सुरू केलं, घरात पाच मुलं. त्यांचं जोकांचं लोखंडी कपाट आज स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे, विषयवार खण आणि पन्नास हजारांवर कार्डं. गप्पा मारणारी माणसं कपाट करत नाहीत.

एक गोष्ट मान्य. रील्सवर हल्ली जे क्राउडवर्क दिसतं, म्हणजे पहिल्या रांगेतल्या जोडप्याला "काय करता, लग्न कधी झालं" विचारणं, त्यामुळं हा समज पसरला आणि त्याला आम्हीच जबाबदार आहोत. लिहिलेला जोक रीलवर टाकला की तो जळतो, पुन्हा तिकीट लावून सांगता येत नाही, म्हणून लोक क्राउडवर्क टाकतात. तुम्हाला दिसतं ते आमचं फुकट वाटायचं सामान आहे.

"शिव्यांशिवाय हसवता येत नाही."

काहींना येत नाही, खरंय. शिवीवर जो पहिला हशा येतो तो दचकल्याचा असतो, आणि नवीन पोरांना तो स्वतःचा वाटतो. मी पण वर्षभर त्या नादात होतो, मग एका सिनियरनं सांगितलं की एक आठवडा शिव्या काढून तोच सेट कर, जो जोक उभा राहील तो तुझा. माझे अकरातले चार उभे राहिले.

पण म्हणून सगळेच तसे? सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम करून बघा. कार्यकर्ता स्टेजच्या पायरीवर हात धरून सांगतो, पहिल्या रांगेत आजी आहेत, दुसऱ्या रांगेत नगरसेवक, आणि तिसऱ्या रांगेपासून पुढं सगळी लहान पोरं. कॉर्पोरेट शोला तर एचआरवाले आधी स्क्रिप्टच मागतात. स्टँडअपवाल्याचं घर चालतं ते बहुतेक अशाच कार्यक्रमांवर, जिथं एक शिवी गेली की पुढच्या वर्षीचं बोलावणं पण गेलं.

"पुलंनी सभ्य हसवलं, हे अमेरिकेचं उष्टं आहे."

पुलंचं नाव आलं की मी कान पकडतो, पण मेसेज लिहिणाऱ्यानं पुलंचाच अर्धा भाग सोडलाय. बटाट्याची चाळ आपण पुस्तक म्हणून आणि नंतर कॅसेटवर ओळखतो, पण १९६१ पासून ते एकटे स्टेजवर उभं राहून सगळी चाळ उभी करत होते. एक माणूस, समोर हजारभर लोक, हातात काही नाही. लक्ष्मण देशपांडेंनी वऱ्हाड निघालंय लंडनला मध्ये एकट्यानं ५२ पात्रं केली. आता कुणी म्हणेल ते एकपात्री, हे स्टँडअप, दोन्ही वेगळं, आणि ते बरोबरच आहे. एकपात्रीत तुम्ही दुसरा कुणीतरी होता, स्टँडअपमध्ये तुम्ही म्हणूनच उभे राहता, आणि पडलात तर पात्राच्या मागं लपता येत नाही. पण एकट्यानं लोकांसमोर उभं राहायची धिटाई आपण न्यूयॉर्कवरून मागवलेली नाही.

आणि सभ्यतेचं म्हणाल तर तमाशातली बतावणी ऐकलीय का कधी? गवळणीतली मावशी? विच्छा माझी पुरी करा मध्ये दादा कोंडके सबनिसांच्या संहितेत त्या त्या दिवसाची कोपरखळी घुसवायचे आणि लोक त्यासाठी परत परत तिकीट काढायचे. दादांचे दुहेरी अर्थ घरच्यांच्या मांडीला मांडी लावून ऐकलेला महाराष्ट्र आज कॅफेतल्या पोराला संस्कार शिकवतोय, याची मला जरा मौजच वाटते.

क्राउडवर्क पण परदेशी नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे आणि त्या उत्तरावर पुढचं वाक्य बांधायचे. त्यांचा हेतू केवढा मोठा आणि आमचा केवढा, तुलना करत नाहीये, फक्त रीत सांगतोय. अत्र्यांच्या सभेत मधेच ओरडणाऱ्याचं काय व्हायचं ते जुन्या लोकांना विचारा.

अमेरिकेतनं आलं ते काय, तर छोटी खोली, विटांची भिंत, दहा-दहा मिनिटांचे स्पॉट (स्टेजवरची पाळी) आणि सेटअप-पंच (आधी मांडणी, मग हसवणारी ओळ) हे शब्द. ते आम्ही घेतलं. नाटकवाल्यांनी पण पडदा बाहेरूनच घेतला होता.

"तेच ते जोक सांगून लाखो कमावतात."

यात दोन क्लेम एकत्र घुसवलेत, त्यामुळे सुटे करतो.

तेच जोक: हो. प्रशांत दामलेंनी २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग केला, तेव्हा कुणी म्हणालं का की रोज तेच संवाद म्हणतात? नाटकाला प्रयोग म्हणायचं आणि आमचं झालं की चोरी. सांगलीचे प्रेक्षक आणि नाशिकचे प्रेक्षक वेगळे आहेत हो. आणि जोक प्रत्येक शोला थोडा बदलतोच, नाही बदलला तर समजायचं की माणूस झोपेत बोलतोय.

लाखो: आहेत असे, बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांचा हिशोब करू. धरा साठ खुर्च्यांची जागा, २९९ चं तिकीट, चाळीस विकली गेली, कारण बाकीचे मित्र आहेत आणि मित्र पासवर येतात. झाले बारा हजारच्या आत. त्यातनं जागेचं, तिकीट ॲपचं कमिशन, होस्टचं, लाइनअपमधल्या, म्हणजे त्या रात्री माझ्यासोबत स्टेजवर येणाऱ्या, चौघांचं, आणि मग उरलं तर माझं. मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या शोवरून परत येताना जेवणाचं बिल मी भरलं आणि त्या रात्रीचा माझा नफा उणे १४० रुपये. ओपन माईकला तर पैसे मिळतच नाहीत, काही ठिकाणी उलट आम्हीच देतो, पाच मिनिटांसाठी. वरून "एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य फुकट.

हे काय आजचं नाही. लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअर नावाच्या क्लबमध्ये सत्तरच्या दशकात कॉमेडियनना स्पॉटचे पैसे देत नसत, मालकीणबाईंचं म्हणणं ही शाळा आहे, इथं शिका. १९७९ मध्ये कॉमेडियन संपावर गेले, बाहेर पाट्या धरून उभे राहिले, त्यात पुढं अमेरिकन टीव्हीचे मोठे होस्ट झालेले डेव्हिड लेटरमन आणि जे लेनो पण होते. काही आठवडे चाललं आणि शेवटी मिळाले किती, तर एका सेटचे २५ डॉलर. आपल्याकडं संप करायचा तर आधी चार कॉमेडियन एका वेळी एका ठिकाणी यायला पाहिजेत, ते फक्त फुकट चहाला येतात.

"वाटेल ते बोलतात, कुणी जाब विचारत नाही."

मुनव्वर फारुकी या स्टँडअपवाल्याला १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये कार्यक्रमातनंच पकडलं आणि सुप्रीम कोर्टानं अंतरिम जामीन देईपर्यंत तो महिन्याहून जास्त आत होता. मार्च २०२५ मध्ये कॉमेडियन कुणाल कामराच्या राजकीय विडंबनाच्या व्हिडिओनंतर मुंबईत खारच्या हॅबिटॅट या क्लबमध्ये खुर्च्या मोडल्या, आणि त्याच स्टेजवर कितीतरी नवीन पोरं पहिली पाच मिनिटं करायची. जोक आवडला नाही तर नका हसू, आमच्यासाठी तीच मोठी शिक्षा असते. पण "जाब विचारत नाही" हे लिहिणाऱ्यानं पेपर वाचायचं कधी सोडलं कोण जाणे.

"मराठीत चालणारच नाही."

भाडिपा हे मराठी यूट्यूब चॅनल २०१६ ला सुरू झालं, त्यांच्या स्टेजवरून मराठी स्टँडअपला तिकीट काढून येणारं पब्लिक तयार झालं, हे डोळ्यांनी बघितलंय. अडचण भाषेची नाहीये, जागेची आहे. आपल्याकडं नाट्यगृह आहे ते आठशे-हजार खुर्च्यांचं, तिथं माझ्यासारख्यानं चाळीस माणसं बसवली तर तेराव्याला आल्यासारखी दिसतात. आणि कॅफेवाल्याला शनिवारची रात्र हिंदीला द्यायची असते, मराठीला मंगळवार. त्यातही मंगळवारी लोकांचा उपवास, म्हणजे कॅफेत साबुदाणा खिचडी नसेल तर तीन तिकिटं तिथंच गेली.

तर मामा, हे सगळं तुमच्यासाठी नाही हं.

जाता जाता, परवा एका मोठ्या लाइनअपवाल्याला मेसेज केला होता, शनिवारचा स्पॉट मिळेल का म्हणून. तीन दिवसांनी उत्तर आलं, हा शनिवार फुल आहे, पुढचा बघू, तो अजून पूर्ण मोकळाय. मी फोन हातात धरून तसाच उभा होतो, दुसरा हात आपोआप वर गेला.