सुटं गाणं नको, अख्खी कारमेन ऐकवा

ऑपेरातल्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकातल्या, ताकदीच्या स्त्री-भूमिका घेऊन वाद्यवृंदाच्या मैफलींची मालिका करायची, ही कल्पना अलीकडे वाचनात आली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही. मंचावर 60-70 वादक आणि त्यांच्या पुढ्यात उभी राहून गाणारी एक बाई. मला हे मनापासून आवडलं. पण अशा मैफलींत एक गोष्ट हमखास होते, ती मला बोचते आणि म्हणून हे सविस्तर लिहितेय. प्रत्येक नायिकेचं एकेक लोकप्रिय गाणं उचलतात, टाळ्या पडतात, पुढची नायिका येते. गाणं ऐकून होतं, बाई कळतच नाही.

टोस्काचंच घ्या. पुच्चिनीचा हा ऑपेरा 14 जानेवारी 1900 ला रोममध्ये पहिल्यांदा झाला. टोस्का स्वतः गायिका आहे. पोलीसप्रमुख स्कार्पिया तिच्या प्रियकराला पकडतो, त्याचे हाल करतो आणि तिच्यापुढे सौदा ठेवतो : तू माझी हो, मग त्याला सोडतो. तेव्हा ती देवाला विचारते, मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, मग माझ्या वाट्याला हे का? जगभरच्या मैफलींत हेच गाणं होतं. ते संपतं तेव्हा आपल्या मनात उरते रडवेली, हतबल टोस्का. आणि त्यानंतर काही मिनिटांतच ती जेवणाच्या टेबलावरची सुरी उचलून त्या माणसाला ठार करते! मग बराच वेळ ती जवळजवळ गातच नाही. वाद्यवृंद दबक्या आवाजात चालू राहतो. त्याच्या मुठीतला, शहराबाहेर जायच्या परवान्याचा कागद ती काढून घेते, एकाच सुरावर, बोलल्यासारखं एक वाक्य म्हणते की याच्यापुढे अख्खं रोम थरथरत होतं, आणि मग प्रेताच्या दोन बाजूंना मेणबत्त्या लावून, छातीवर क्रूस ठेवून निघून जाते. इथे सगळी गोष्ट वाद्यं सांगतात. वाद्यवृंदाच्या मैफलीत तर हा प्रसंग आधी हवा. पण इथे टाळी घेण्याची जागा नाही, म्हणून नेमका हाच गळतो.

आपल्याकडे काय वेगळं होतं? कान्होपात्रा तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याची. ‘नको देवराया अंत आता पाहू’ आपण कितीदा ऐकतो. मैफलीच्या शेवटी, डोळे मिटून, भक्तिगीत म्हणून. कथा अशी की बिदरच्या बादशहाने तिला न्यायला माणसं पाठवली आहेत, ती पंढरपूरच्या देवळात आहे आणि त्या क्षणी ती विठ्ठलाला म्हणतेय की आता प्राण जायची वेळ आली. नायकिणीच्या पोटची मुलगी. आईचा धंदा नाकारला, बादशहालाही नाकारलं. देवळाच्या आवारातलं तरटीचं झाड दाखवून लोक आजही तिची आठवण सांगतात. 1931 साली तिच्यावर संगीत नाटक आलं, बालगंधर्वांनी कान्होपात्रा केली, मास्तर कृष्णरावांचं संगीत होतं. आणि एवढ्या मोठ्या भूमिकेतून आज आपल्या हाती सुटे अभंग उरलेत. वन्समोअरची हौस आपल्या रंगभूमीला पहिल्यापासूनच. बाई मरणाच्या दारात उभी आहे आणि प्रेक्षक तिला तीच ओळ पुन्हा गायला लावतात. नाट्यसंगीतावर माझं अतोनात प्रेम आहे, तरी ही सवय मला मान्य नाही.

आता कारमेनकडे येते. सोलापूरकरांनी तिला आपली म्हणावं, असं मला फार वाटतं.

बिझेच्या या ऑपेराचा पहिला प्रयोग 3 मार्च 1875 ला पॅरिसमध्ये झाला. कारमेन कोण? स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या तंबाखूच्या कारखान्यातली कामगार. पहिल्या अंकात दुपारची घंटा होते आणि कामगार बायका सिगारेटी ओढत बाहेर चौकात येतात. ते नाट्यगृह घरंदाज कुटुंबांचं, तिथे लग्नं जुळवायला मंडळी जमत. त्यांना हे दृश्य झेपलं नाही. कोरसमधल्या बायकांनीही कुरकूर केली, कारण त्यांना ओळीत उभं राहून गायची सवय आणि इथे एकेकटीने मंचावर यायचं, ओढायचं, भांडायचं. तीनच महिन्यांत बिझे गेला, वय अवघं 36. आपण केवढी भूमिका लिहून ठेवली, ते बघायला तो राहिला नाही.

मैफलीत कारमेनचं ठरलेलं गाणं म्हणजे तिचं प्रवेशाचं गाणं, हबानेरा. सूर पायरी-पायरीने घसरत खाली येतात, तो ठेका जाहिरातींतसुद्धा वाजून गेलाय. तेवढंच ऐकलं की कारमेन नखरेल वाटते आणि विषय संपतो. तिसऱ्या अंकात मैत्रिणींबरोबर ती पत्ते पाहते. मैत्रिणींना पैसा, प्रेम दिसतं. तिला मरण दिसतं. पुन्हा पिसते, पुन्हा तेच. इथे बिझेने तिला खालच्या पट्टीतली, सपाट, संथ चाल दिली आहे. ना तान, ना आक्रोश. पत्ते खोटं बोलत नाहीत, एवढंच ती म्हणते. शेवटच्या अंकात तिने सोडून दिलेला प्रियकर डॉन होसे समोर येतो, परत चल म्हणतो. काय होणार हे ठाऊक असूनही ती पळत नाही, खोटं बोलत नाही, त्याने दिलेली अंगठी त्याच्यावर फेकते. स्वतंत्र जन्मले, स्वतंत्र मरेन. आत बैलांच्या झुंजीला गर्दी जल्लोष करतेय, बाहेर तो तिला भोसकतो. हबानेरापासून या जागेपर्यंत एकाच गायिकेला सलग ऐकलं, तरच त्या बाईचा वकूब कळतो.

आमच्या गल्लीत दुपारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या एक अक्का आहेत. पानं भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, आणि कारखान्यात नेल्यावर कुठल्या छाटल्या जातील याची धास्ती बाळगायची. त्यांना मी कारमेनची गोष्ट सांगितली. त्यांचा पहिला प्रश्न, “तिला मजुरी किती पडायची?” हा प्रश्न मी ऑपेरावरच्या कुठल्याच लेखात वाचला नव्हता. शेवट ऐकून म्हणाल्या, “नको म्हटलं म्हणून मारलं होय?” बाकी कशाबद्दल काही विचारलं नाही.

ज्या शहरात विडी कामगार बायकांनी लढून कुंभारीत 10,000 घरांची वसाहत उभी करून घेतली, त्या शहरात कारमेन परकी कशी?

एक मैत्रीण म्हणाली, अगं पण या सगळ्या मरतातच ना, मग यांना ताकदवान कसलं म्हणायचं? कारमेनला भोसकतात, टोस्का किल्ल्यावरून उडी घेते, त्याच नावाच्या ऑपेरातली नॉर्मा चितेवर जाते. तिचा राग खरा आहे. या गोष्टी पुरुषांनी लिहिल्या आणि बायकांना मारून संपवल्या. म्हणून तर मी अख्ख्या भूमिकेचा आग्रह धरते. सुटं गाणं बहुतेक वेळा विनवणीचं किंवा नखऱ्याचं असतं. तिने घेतलेला निर्णय त्याच्या पुढे-मागे असतो.

आणि सगळ्याच मरत नाहीत. बेथोव्हेनने एकच ऑपेरा लिहिला, फिडेलिओ, पहिला प्रयोग व्हिएन्नात 1805 साली. नवऱ्याला राजकीय सूडापोटी तुरुंगात डांबलंय, म्हणून लिओनोरे पुरुषवेश करून त्याच तुरुंगात नोकरीला लागते. तळघरात अधिकारी सुरा उगारतो तेव्हा ती मध्ये येते, आधी त्याच्या बायकोला मार म्हणते आणि पिस्तूल रोखते. त्याच क्षणी बाहेरून ट्रम्पेट वाजतं, मंत्री आल्याची वर्दी. याच ऑपेरात कैदी थोडा वेळ उजेडात येतात आणि मोकळ्या हवेचं गाणं अगदी हळू आवाजात गातात, कारण पहारेकरी ऐकताहेत. हे सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात व्हावं, असं मला वाटतं. आपले स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या नावाच्या सभागृहात ते कैद्यांचं गाणं कोणत्याही परदेशी नाट्यगृहापेक्षा जास्त शोभेल.

वाद्यवृंद कुठून आणणार, हा प्रश्न येणारच. मुंबईत 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांचा खर्च आपल्याला पेलणारा नाही. पण ऑपेराच्या बहुतेक तालमी जगभर नुसत्या पियानोवर होतात. पियानो, चार व्हायोलिनं, एक चेलो, एक क्लॅरिनेट जमलं तरी सुरुवात होईल. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट आपल्या बँडवाल्यांकडे आहे आणि दम असलेले वादकही आहेत. लिओनोरेचं ते ट्रम्पेट बाल्कनीतून आपल्याच एखाद्या बँडवाल्याने वाजवावं. कान्होपात्रेला ऑर्गन, सारंगी, तबला, दुसरं काही नको. गाणारी अभिनेत्री सोलापूरला नवी नाही, फैयाज आपल्याच गावच्या. मधला कथाभाग मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये सांगायचा.

माझ्या मनात तीन संध्याकाळी आहेत : कान्होपात्रा, लिओनोरे, कारमेन. प्रत्येकीला एक पूर्ण संध्याकाळ. टोस्का पुढच्या वर्षी. मध्ये सत्कार नाहीत, पाहुण्यांची भाषणं नाहीत, वन्समोअर नाही. कारमेनच्या दिवशी पुढच्या पाच रांगा विडी कामगार बायकांच्या, बिनतिकीट, आणि वेळ रविवारी दुपारची, म्हणजे त्यांना अंधार पडायच्या आत कुंभारीला परतता येईल. परतीच्या बसचा खर्च मी आणि आणखी दोघीजणी उचलायला तयार आहोत. पियानो वाजवणारे, बँडमधले वादक आणि तेलुगूत गोष्ट रंगवून सांगू शकणारं कुणी ओळखीचं असेल तर मला आजच इनबॉक्स करा.