पैसे भरून आलेल्या पाहुण्याने कसं वागावं

सगळ्यात आधी तोंडातलं ते ‘माझा गेम’ काढून टाका. माझा फोन म्हणा, माझी खुर्ची म्हणा, त्या खुर्चीत बसून बसून दुखणारी पाठ तर शंभर टक्के तुमचीच, तिच्यावर हक्क सांगायला कुणी येणार नाही. पण ऑनलाइन घेतलेल्या व्हिडिओ गेमला माझा म्हणू नका. पूर्ण पैसे भरलेत, मान्य. बटणावर ‘बाय’ लिहिलं होतं, तेही मान्य. पण बटणावर लिहिलेलं खरं मानायचं आपलं वय राहिलंय का आता?

तुम्ही घेतलंय ते लायसन्स. म्हणजे खेळायची परवानगी, आणि तीही कशी, तर दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही आणि देणाऱ्याच्या मनात आलं की काढून घेता येते. यावर काही शहाणे म्हणतात, मग सरळ भाडं म्हणा ना. अजिबात म्हणू नका, तो भाडेकरूंचा अपमान आहे. भाडेकरूला नोटीस मिळते, डिपॉझिट मागता येतं, घरमालकाने रात्रीतून कुलूप बदललं तर चार लोक गोळा करून बोंबलता येतं. तुम्ही भाडेकरू कुठले, तुम्ही पाहुणे. फक्त येताना अख्ख्या घराची किंमत मोजून आलेले पाहुणे. हे नातं एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, कारण पाहुण्याने कसं वागायचं ते आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. पुढ्यात येईल ते गोड मानायचं, दुसऱ्याची कपाटं उघडायची नाहीत आणि यजमानाने घड्याळाकडे बघितलं की आपण चपला शोधायला लागायचं.

आता गेम घेताना समोर येतं ते अॅग्रीमेंट. वाचायचं नाही. स्क्रीनवर एवढ्याशा चौकोनात चाळीस पानं कोंबलेली असतात, बाजूची पट्टी केसाएवढी बारीक, ती धरून खाली ओढायची, तळाला पोचेपर्यंत ‘मान्य आहे’ करडं असतं आणि तळाला टेकलं रे टेकलं की निळं होतं, झालं तुमचं वाचन. ब्रिटनमध्ये गेमस्टेशन नावाचं गेम विकणारं दुकान होतं, त्यांनी १ एप्रिल २०१० ला ऑनलाइन अटींमध्ये एक ओळ घुसवली की ऑर्डर देणारा माणूस आपला अमर आत्मा आमच्या नावावर करतोय. नको असेल तर तसं सांगायची सोयही तिथेच ठेवली होती. साडेसात हजार आत्मे जमा झाले. दुकानाने नंतर ते सोडून दिले म्हणा, पण ते २०१० होतं, माणसं साधी होती तेव्हा.

एक उदाहरण नीट बघून घेऊ म्हणजे पाहुण्याची पायरी लक्षात येईल. युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीचा ‘द क्रू’, २०१४ चा डिसेंबर, गाड्यांचा गेम, सगळी अमेरिका छोटी करून त्यात बसवलेली आणि तुम्ही या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यापर्यंत निवांत गाडी हाणत जाऊ शकता असा. एकट्याने खेळायची स्टोरीही होती त्यात. पण एकटे खेळत असलात तरी गेम सतत कंपनीच्या सर्व्हरशी बोलत राहायचा, नेट गेलं की गाडी थांबली. तर डिसेंबर २०२३ मध्ये विक्री बंद झाली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि त्या पाठोपाठ लोकांच्या लायब्ररीतून लायसन्सही काढून घेतली गेली. म्हणजे नुसता दिवा विझवला नाही, होल्डरही उचकटून नेला. आता यात कंपनीला दोष देऊ नका, कारण त्यांनी आगाऊ सूचना दिलेली होती. त्याच जानेवारीत त्यांच्या सबस्क्रिप्शनचं काम बघणारे फिलिप ट्रेम्ब्ले एका मुलाखतीत म्हणाले होते की सबस्क्रिप्शन वाढायचं असेल तर गेम आपल्या मालकीचा नसण्याची लोकांना सवय व्हायला हवी, सीडी-डीव्हीडीच्या बाबतीत झालीच ना तशी. जानेवारीत बोलले आणि मार्चअखेर सवय लावायला घेतलीसुद्धा. बोलल्याप्रमाणे वागणारी माणसं आजकाल कुठे भेटतात?

काही लोकांना मात्र पाहुणचार पचत नाही. कॅलिफोर्नियात दोघा खेळाडूंनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केस टाकली. कंपनीचं म्हणणं साधं, तुम्ही लायसन्स घेतलं होतं, गेम नाही. त्यावर या लोकांनी डब्यातला अॅक्टिव्हेशन कोडच पुढे केला, त्यावर मुदत छापलेली, २०९९. आता यात विसंगती काय आहे मला कळत नाही. कोड २०९९ पर्यंत चालेल असं लिहिलंय, गेम चालेल असं कुठे लिहिलंय? किल्ली पंच्याऐंशी वर्षांची गॅरंटी देऊन दिली होती, घर पाडलं एवढंच. आणि घर पाडल्यावर जिना झाडायचं कामही तुमच्याकडेच असतं बरं का. युबिसॉफ्टच्या अॅग्रीमेंटमध्ये स्पष्ट आहे की करार संपला की गेम अनइन्स्टॉल करा आणि तुमच्याकडच्या सगळ्या प्रती नष्ट करा. जेवलात ना, मग ताट धुवा, पुसा आणि फोडून टाका.

(पुढे चाहत्यांनी २०२५ मध्ये स्वतःच सर्व्हर लिहून काढला आणि तो गेम परत चालू केला. कंपनीनेही पहिल्या भागाचा एवढा बोभाटा झाल्यावर दुसऱ्या भागाला ऑफलाइन मोड दिला. ऑफलाइन करणं किती अवघड असतं हे इतकी वर्षं ऐकत आलो होतो, त्यामुळे जरा धक्काच बसला.)

माझंच सांगतो. एका कंपनीच्या अकाउंटला माझा कॉलेजचा ईमेल जोडलेला होता, कंपनीचं नाव घेत नाही, उगाच उरलेले गेमही जायचे. कॉलेज संपल्यावर कॉलेजने ईमेल बंद केला, पण मला पत्ताच नाही कारण मी कधी लॉगआउटच झालो नव्हतो. मग मशीन बदललं, पासवर्ड आठवेना, ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक केलं आणि कोड गेला त्या मेलेल्या मेलवर. सपोर्टला लिहिलं. त्यांना माझी गैरसोय अगदी मनापासून समजली, तीन वेळा समजली, आणि मग म्हणाले की अकाउंटचे मालक तुम्हीच आहात हे सिद्ध करायला पहिल्या खरेदीची पावती पाठवा. पावती कुठे आली होती? त्याच मेलवर. पण मला खरी गंमत त्या शब्दाची वाटली. एरवी मालक म्हणायचं नाव नाही, अॅग्रीमेंटभर लायसन्सधारक, वापरकर्ता वगैरे, आणि कुलूप लागलं की लगेच, मालक असाल तर पुरावा आणा. अकरा दिवसांनी तिकीट ‘समस्या सुटली’ असा शेरा मारून बंद झालं. मी नवीन अकाउंट काढलं आणि तोच गेम परत घेतला, सेल चालू होता. एकाच घरात दोनदा आहेर.

मग डिस्क घ्या, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी जुना खेळाडू देईल. त्याच्याशी भांडू नका, वयाचा मान ठेवा. डिस्कचा एक फायदा होता खरा, खेळून झाली की विकता यायची, मित्राला देता यायची, मित्र परत द्यायचा नाही हा भाग वेगळा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९०८ मध्येच सांगून ठेवलंय की पुस्तक एकदा विकलं की घेणाऱ्याने ते पुढे कितीला विकावं हे प्रकाशकाने ठरवायचं नाही, पुस्तकात तशी सूचना छापली असली तरी. शंभर वर्षं हे चाललं, मग डाउनलोड आलं आणि वस्तूच नाहीशी झाली, आता काय विकणार? युरोपच्या कोर्टाने २०१२ मध्ये म्हटलं होतं की डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचं कायमचं लायसन्सही पुढे विकता येतं. त्या जोरावर फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हला, म्हणजे स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या कंपनीला, कोर्टात खेचलं, २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टात जिंकले, आनंदीआनंद, आणि २०२२ मध्ये अपिलात हरले. तीन वर्षं तरी माणसाला मालक असल्यासारखं वाटलं, हे काय कमी आहे.

आणि डबा घ्यायचाच असेल तर उघडायची घाई नको. कधी आत नुसता कोड छापलेला कागद असतो. निन्टेन्डोच्या स्विच २ या गेम खेळायच्या मशीनसाठी २०२५ पासून गेम-की कार्ड मिळतात, दिसायला कार्ट्रिज, घालायचं कार्ट्रिजसारखं, आणि आत गेम नसतो, गेम डाउनलोड करायची किल्ली असते. गेम नेटवरून उतरवून घ्या आणि तरी खेळताना कार्ड लावूनच ठेवा. म्हणजे डिजिटलची अनिश्चितता आणि डिस्कची कटकट, दोन्ही एका डब्यात. निदान ते विकता तरी येतं, पण सर्व्हर आहे तोवरच घेणारा मिळेल, तेवढं गिऱ्हाइकाला सांगू नका.

कायद्याकडे बघून छाती फुगवू नका. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नियम लागू झाला की डिजिटल वस्तूला ‘बाय’ म्हणायचं असेल तर हे लायसन्स आहे हे ग्राहकाला ठळकपणे सांगा. स्टीमने त्याच्या आधीच कार्टखाली एक ओळ टाकली, की या खरेदीतून तुम्हाला लायसन्स मिळतं. झालं, न्याय मिळाला. आधी न सांगता काढून घेत होते, आता सांगून घेतील. या नियमातून ज्यांना सूट आहे त्यात एक प्रकार आहे, कायमचं उतरवून नेटशिवाय वापरता येतं असं डाउनलोड. तसं विकणारं गॉग नावाचं स्टोअर आहे, कायद्याने तेही लायसन्सच, पण ते तुमच्या हातात इन्स्टॉलरची फाइल देऊन मोकळे होतात, ठेवा हार्ड डिस्कवर, अकाउंट असो नसो. असल्या वाईट संगतीपासून लांबच राहा. एकदा अशी सवय लागली की माणूस दुसऱ्या दुकानातही प्रश्न विचारायला लागतो.

सह्यांची मोहीम दिसली तर डोळे मिटून पुढे जा. रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ सुरू केलं आणि युरोपातल्या त्यांच्या याचिकेवर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी ऐका काय, सर्व्हर जन्मभर चालवा असं नाही, फक्त तुम्ही बंद करून जाताना ज्यांनी पैसे दिलेत त्यांना खेळता येईल अशा अवस्थेत गेम सोडून जा. इतकी माफक मागणी बघून संशयच येतो. कंपन्यांच्या संघटनेने सांगितलंय की प्रायव्हेट सर्व्हर, म्हणजे खेळाडूंनी स्वतःच चालवलेला सर्व्हर, हा नेहमीच व्यवहार्य पर्याय नसतो, आणि अशी बंधनं घातली तर गेम बनवणं फार महाग पडेल. बरोबरच आहे. वेलान स्टुडिओजसारखे लोक असतात, २०२३ मध्ये ‘नॉकआउट सिटी’ बंद करताना प्रायव्हेट सर्व्हरची सोय असलेली आवृत्ती देऊन मोकळे झाले. छोटासा स्टुडिओ, जमलं त्यांना. अशा आगाऊ लोकांमुळे मोठ्यांची किती पंचाईत होते याचा कुणी विचार करतं का?

जुने गेम कुठेतरी जपून ठेवलेले असतील, कधीतरी जाऊन बघू, हीही आशा सोडा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं तर अमेरिकेत निघालेल्या जुन्या क्लासिक गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळतच नाहीत. म्हणून ग्रंथालयांनी आणि अभ्यासकांनी परवानगी मागितली की आमच्याकडचे जुने गेम संशोधकांना घरबसल्या दुरून वापरू देऊ द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने नाही म्हणून सांगितलं, आणि त्यातलं एक कारण असं की या गेमचा वापर लोक करमणुकीसाठी करतील असा धोका आहे. मी हे वाक्य तीनदा वाचलं. गेमचा. करमणुकीसाठी.

शेवटची अडचण मरणाची. पुस्तकं वारसांकडे जातात, भांडीकुंडी जातात, तुमच्या साडेतीनशे गेमचं काय? स्टीमच्या सपोर्टने २०२४ मध्ये एका ग्राहकाला कळवलंय की अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मृत्युपत्रानेही नाही. तेव्हा सरळ मार्ग असा की कंपनीला न सांगता मरायचं. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, ईमेलचाही लिहा (कॉलेजचा नको), आणि पोरांना सांगून ठेवा की कंपनीला दुःखद बातमी वगैरे काही कळवू नका, आधीसारखंच रात्री दोन वाजता लॉगिन करत राहा. वयाचा प्रश्न येणार नाही. वय विचारणाऱ्या त्या चौकटीत वर्षाची यादी झर्रकन खाली ओढून आपण सगळेच १ जानेवारी १९०० ला जन्मलेलो असतो, आणि सव्वाशे वर्षांचा म्हातारा रोज पहाटेपर्यंत झॉम्बी मारत बसतो यात इतकी वर्षं कुणाला काही वावगं वाटलेलं नाही.