पुल-अप निघत नाही म्हणजे पाठ निकामी नव्हे

‘वीस पुश-अप निघतात, पण पुल-अप एकही नाही? मग तुमची पाठ निकामी झाली आहे,’ असा संदेश व्यायामाच्या ग्रुपांवर फिरतोय. हे चूक आहे. पुश-अपमध्ये पाय जमिनीवर टेकलेले असतात, म्हणून हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भारच येतो. ७० किलोच्या माणसाला ४५ किलोच्या आसपास. गुडघे टेकवले की आणखी कमी. पुल-अपमध्ये मात्र आडव्या दांड्याला लटकून जवळजवळ अख्खे ७० किलो वर ओढायचे! शंका असेल तर घरच्या वजनकाट्यावर दोन्ही तळवे ठेवून पुश-अपच्या स्थितीत थांबा, कुणाला तरी आकडा बघायला सांगा. पाठ दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तो प्रश्न वेगळा. तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.