बकनरने आत्महत्या केलेली नाही, आणि ती मॅचही त्याने एकट्याने घालवलेली नाही

परवा रात्री साडेनऊला ताईचा पुण्याहून फोन, म्हणजे तिकडे सकाळचे सात. एवढ्या सकाळी फोन आला की पोटात गोळा येतो, पण घरात सगळे बरे होते. भाचा तेवढा बरा नव्हता. तेरा वर्षांचा आहे, क्रिकेटच्या एका अकॅडमीत जातो. रविवारच्या मॅचमध्ये शेवटच्या ओव्हरला एक साधा सरपटी बॉल त्याच्या पायांमधून गेला, चौका बसला आणि मॅच गेली. होतं असं. पण सोमवारी कोचने पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, वर स्वतःची ओळ जोडून की "सर्व मुलांनी आवर्जून वाचावे". कोणासाठी टाकलाय ते सगळ्यांना कळलं, भाच्याला तर कळलंच. ताई म्हणाली, "तू तिथेच राहतोस ना, खरं आहे का बघ रे हे." मागून त्याचा आवाज आला, "मामा, त्या माणसाने खरंच जीव दिला का?"

मेसेज थोडक्यात असा. बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल टीमच्या मालकाने 1919 मध्ये नाटकाला पैसे हवे म्हणून बेब रूथ या महान खेळाडूला विकलं, जाताना त्याने शाप दिला आणि टीम 86 वर्षं जिंकली नाही. 1986 च्या फायनलमध्ये फक्त एक बॉल अडवायचा होता, तो बिल बकनरच्या पायांमधून गेला आणि कप गेला. शहराने त्याला कधीच माफ केलं नाही, शेवटी त्याने आत्महत्या केली. मग 2004 मध्ये टीमने रूथच्या कबरीवर जाऊन माफी मागितली तेव्हा कुठे शाप सुटला. आणि खाली तात्पर्य, "एक क्षण बेसावध, आयुष्यभर पश्चात्ताप". त्याखाली जोडलेले हात. त्या हातांचं कारण मला अजून कळलेलं नाही.

मी बॉस्टनजवळ राहतो. बेसबॉलमधला पंडित नाही, सुरुवातीची दोन वर्षं तर मला स्ट्राइक म्हणजे काय तेही कळत नव्हतं, पण बकनरचं नाव इथे राहून कानावर आलं नाही असं होत नाही. त्यामुळे आधी तेच, बाकीचं नंतर.

बिल बकनरने आत्महत्या केली नाही. 27 मे 2019 ला तो वारला, वय 69, लेवी बॉडी डिमेन्शिया हा मेंदूचा आजार होता. म्हणजे त्या मॅचनंतर तो साडेबत्तीस वर्षं जगला, त्यातली बरीच आयडाहोमध्ये. हे शोधायला मला एक मिनिटही लागलं नाही. कोचलाही लागलं नसतं.

मग ही आत्महत्या आली कुठून? याचा मला संशय आहे. 1986 मध्येच, फायनलच्या आधीच्या फेरीत, बॉस्टनची सिरीज कॅलिफोर्निया एंजल्सशी होती. पाचव्या मॅचमध्ये एंजल्सना सिरीज जिंकायला एक स्ट्राइक हवा होता (बॅटरला नीट मारता न आलेला बॉल म्हणजे ढोबळमानाने स्ट्राइक, तीन झाले की तो आऊट) आणि त्यांचा पिचर, म्हणजे बॉलर, डॉनी मूर याला बॉस्टनच्या डेव्ह हेंडरसनने होमरन मारला, आपल्या सिक्सरसारखा. एंजल्स ती मॅच हरले, मग सिरीज हरले. या मूरने जुलै 1989 मध्ये भांडणात बायकोवर गोळ्या झाडल्या, ती वाचली, आणि मग त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. म्हणजे आत्महत्या झाली, पण दुसऱ्याच टीमच्या, दुसऱ्याच माणसाची. आणि तीसुद्धा "एका बॉलमुळे" म्हणून सांगतात ते मला पटत नाही. दुखापती होत्या, नुकतंच टीममधून काढलेलं होतं, घरात काय चाललं होतं ते वर आलंच. शिवाय त्या होमरननंतरही एंजल्सनी नवव्या इनिंगमध्ये बरोबरी केली होती, वर एक आऊट आणि तिन्ही बेस भरलेले, म्हणजे जिंकायला एक रन पुरे, तो त्यांच्याच बॅटर्सना काढता आला नाही. हे कोणी फॉरवर्ड करत नाही. माणूस जीव का देतो याचं उत्तर एका ओळीत बसवून ते हरून आलेल्या पोरांना वाचायला देणं, हे मला सरळ सरळ धोकादायक वाटतं. पुढचं काही नाही वाचलंत तरी चालेल, एवढं वाचा.

आता "एक बॉल अडवला असता तर कप" हे. बेसबॉल-रेफरन्स नावाची साईट आहे, तिथे त्या मॅचचा अख्खा हिशोब पडलाय, कोण कधी आऊट झाला, कोणाच्या वेळी स्कोर काय होता, सगळं. 25 ऑक्टोबर 1986, वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, समोर मेट्स. आधी चार मॅच जिंकणाऱ्याला कप, बॉस्टन 3-2 ने पुढे. नऊ इनिंगनंतर बरोबरी, म्हणून दहावी, त्यात बॉस्टनने दोन रन काढले, 5-3. मेट्सचे पहिले दोघे आऊट, बेसवर कोणी नाही. बॉस्टनच्या ड्रेसिंग रूममध्ये शॅम्पेन येऊन पडलेली. तीन आऊट झाले की बॅटिंग संपते, आता फक्त एक आऊट.

मग गॅरी कार्टरचा हिट. केव्हिन मिचेलचा हिट. रे नाइटवर दोन स्ट्राइक झालेले, म्हणजे अजून एक स्ट्राइक की कप बॉस्टनचा, आणि त्याचाही हिट, एक रन आला, 5-4. हे तिन्ही कॅल्विन शिराल्डीच्या पिचिंगवर. पिचर बदलला, बॉब स्टॅनली आला. त्याच्यावरही एकदा तेच, एक स्ट्राइक की संपलं अशी वेळ, आणि त्याने मुकी विल्सनला असा बॉल टाकला की विल्सनने उडी मारून अंग चोरलं आणि बॉल कॅचरला चुकवून मागे गेला. वाईल्ड पिच म्हणतात त्याला, आपल्याकडे वाईड बॉल कीपरलाही चुकवून जातो तसं समजा. मिचेल धावत घरी आला, म्हणजे शेवटच्या बेसवर, एक रन. 5-5.

इथे थांबा. 5-5. बकनरच्या पायांमधून बॉल अजून गेलेलाच नाही! मॅच बरोबरीत आहे आणि त्या इनिंगमध्ये बकनरकडे बॉल आलेलासुद्धा नाही. तीन बॉलनंतर विल्सनने तो सरपटी मारला, फर्स्ट बेसकडे, बकनर वाकला, बॉल ग्लव्हखालून गेला आणि नाइट दुसऱ्या बेसवरून धावत आला, 6-5. तो बॉल अडवून विल्सनला आऊट केला असता तर काय झालं असतं? अकरावी इनिंग झाली असती. बस. आणि सहावी मॅच हरल्यावर कपही गेला नव्हता, सिरीज 3-3 झाली होती. मधला एक दिवस पावसात गेला आणि 27 तारखेला सातवी मॅच झाली, त्यात बॉस्टन 3-0 ने पुढे होतं, आणि 8-5 ने हरलं. त्या मॅचमध्ये बकनरचे दोन हिट आहेत, आठव्या इनिंगला त्याने स्वतः एक रनही काढलाय. बेसबॉलमध्ये हार एका पिचरच्या नावावर लिहितात, आणि दोन्ही मॅचच्या हारीपुढे नाव शिराल्डीचं लागलंय. म्हणून आता कृपा करून शिराल्डीच्या नावाने नवा मेसेज काढू नका.

बकनर दहाव्या इनिंगला मैदानावर होताच का, हाही प्रश्न आहे. त्याचे दोन्ही घोटे कामातून गेलेले, त्यासाठी उंच बूट घालून खेळायचा. त्या वर्षीच्या पोस्ट-सीझनमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या या शेवटच्या फेऱ्यांमध्ये, बॉस्टन पुढे असलं की शेवटी शेवटी त्याच्या जागी डेव्ह स्टेपलटनला फिल्डिंगला आणत, त्या रात्री मॅनेजर जॉन मॅकनमाराने आणलं नाही. का नाही आणलं यावर इथले म्हातारे लोक अजून भांडतात. एवढं मात्र मान्य करतो की तो बॉल अडवायला हवा होता. साधा होता. आणि सिरीजमध्ये बकनरची बॅटही चालली नव्हती, 32 पैकी 6 हिट म्हणजे काहीच नाही. पण त्याच 1986 च्या सीझनमध्ये त्याने 102 रन बॅटिंगवर आणून दिले होते, फायनलपर्यंत टीम काय टॅक्सीने आली होती का? कारकिर्दीत 2,715 हिट आहेत त्याचे. 22 सीझन. 1980 ला शिकागो कब्स टीमकडून बॅटिंगमध्ये लीगमध्ये पहिला. हे मेसेजमध्ये कुठे आहे?

"शहराने कधीच माफ केलं नाही." अर्धं खरं आहे, आणि जे खरं आहे ते लाज वाटण्यासारखं आहे. धमक्या आल्या त्याला, टोमणे तर विचारूच नका, पुढच्या वर्षी जुलैत टीमने सोडूनही दिलं. पण 1990 ला तो परत रेड सॉक्सकडूनच खेळला आणि फेनवे पार्क या टीमच्या मैदानावर पहिल्याच दिवशी लोक उभे राहिले त्याच्यासाठी. 8 एप्रिल 2008 ला, आदल्या वर्षीच्या विजयाचा झेंडा चढवायचा होता तेव्हा, पहिला बॉल टाकायला त्याला बोलावलं, अख्खं स्टेडियम उभं, टाळ्या थांबेचनात, हा डोळे पुसतोय. नंतर तो बोलला त्याचा अर्थ असा होता की मनातून माफ करायचंच तर फॅन्सपेक्षा मीडियाला करावं लागलं. आणि ज्याने तो बॉल मारला ना, मुकी विल्सन, त्याच्याशी याची चांगली दोस्ती झाली होती, दोघं एकत्र बसून त्या क्षणाच्या फोटोवर सह्या करायचे. मला विचाराल तर मुलांना हेच सांगायला हवं होतं.

आता शाप. हा भाग मी उरकतो कारण तो उरकण्याच्याच लायकीचा आहे. रूथला विकलं हे खरं, व्यवहार डिसेंबर 1919 चा, 1 लाख डॉलर, विकत घेणारी टीम न्यूयॉर्क यँकीज, वर त्यांच्या मालकाकडून 3 लाखांचं कर्ज, तारण फेनवे पार्क. ज्या नाटकाचं नाव सगळे घेतात ते 'नो, नो, नॅनेट' ब्रॉडवेवर आलं 1925 ला, तोवर मालक हॅरी फ्रेझीने टीमही विकून टाकली होती, 1923 मध्येच. इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो, ते नाटक ज्या आधीच्या नाटकावरून घेतलं ते मात्र 1919 च्या डिसेंबरमध्ये आलं होतं आणि फ्रेझीचंच होतं, त्यामुळे नाटकाचा काहीच संबंध नाही असं छातीठोक म्हणता येत नाही. पण रूथने शाप वगैरे दिला नाही. शापाची गोष्ट घराघरात गेली ती 1990 मध्ये इथल्या एका क्रीडापत्रकाराचं पुस्तक आलं तेव्हापासून. म्हणजे साडेसाती सुरू झाली 1919 ला आणि ती आहे हे लोकांना कळलं सत्तर वर्षांनी.

मधल्या काळात टीम नुसती रडत बसली होती असंही नाही. 1946, 1967, 1975, 1986, चार वेळा वर्ल्ड सिरीज खेळले, चारही वेळा सातव्या मॅचला हरले. आणि का हरले याचं एक कारण शोधायचंच असेल तर ते कबरीत नाही, ऑफिसात आहे. एप्रिल 1945 मध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू याच फेनवेवर ट्रायलला आला होता. घेतला नाही. दोन वर्षांनी तो ब्रुकलिनच्या टीमकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळला, काळ्या खेळाडूंना बंद असलेलं दार उघडलं आणि इतिहास झाला. रेड सॉक्सनी पहिला काळा खेळाडू, पम्पसी ग्रीन, मैदानात उतरवला तो जुलै 1959 मध्ये, मेजर लीगमधल्या सगळ्या टीम्समध्ये शेवटी. बारा वर्षं बाकीचे लोक विली मेज, हँक आरन असले खेळाडू खेळवत होते आणि हे दार लावून बसले होते. यात भूत नाही, जादूटोणा नाही, म्हणून याचा मेसेज होत नाही.

कबरीवरच्या माफीने कप आला नाही. लोकांनी उद्योग केले, नाही म्हणत नाही, सडबरीच्या तळ्यात रूथचा बुडालेला म्हणे पियानो शोधायला पाणबुडे उतरले होते, तो मिळाला नाही. पण 2004 ला काय झालं ते सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलंय. यँकीजसमोर सिरीजमध्ये 0-3, तिसरी मॅच 19-8 ने हरलेले. चौथ्या मॅचला नववी इनिंग, एक रनने मागे, समोर यँकीजचा पिचर मारियानो रिवेरा. केव्हिन मिलर वॉकवर, म्हणजे पिचरच्या चार वाईट बॉलमुळे न मारताच, बेसवर गेला, त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. अख्ख्या स्टेडियमला माहीत हा बेस चोरणार, म्हणजे बॉल मारला जाण्याआधीच पुढच्या बेसवर धावणार, रिवेराला माहीत, त्याने तीनदा बॉल फर्स्ट बेसला टाकून बघितला, आणि तरी रॉबर्ट्सने चोरला, जेमतेम. बिल म्यूलरच्या हिटवर तो घरी आला, बरोबरी. बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझचा होमरन. पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या. 0-3 वरून सिरीज जिंकणारी बेसबॉलमधली पहिली टीम, मग सेंट लुईसला चार मॅचमध्ये गुंडाळलं. त्यानंतर 2007, 2013, 2018. रॉबर्ट्सला जुलैच्या शेवटच्या दिवशी खेळाडूंच्या अदलाबदलीत घेतलं होतं, त्या यँकीज सिरीजमध्ये त्याने एकदाही बॅट हातात घेतली नाही. पळायला ठेवलेला माणूस, पळाला.

हे सगळं मी ताईला व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं, अकरा मिनिटांचा झाला, तिने ऐकला की नाही माहीत नाही. 2008 चा व्हिडिओ तिने ग्रुपवर टाकला. कोचने त्यावर अंगठा दिला आणि मूळ मेसेज आहे तिथेच ठेवला.

भाच्याने मात्र दहाव्या इनिंगचा व्हिडिओ तीनदा बघितला. मग मला लिहिलं, "मामा, पाय दुखत होते तर त्याला बदलला का नाही?"

मी लिहिलं, बॉस्टन 1986 पासून हेच विचारतंय. तर त्याचं उत्तर आलं, रविवारी माझीपण टाच दुखत होती, सरांना सांगितलं होतं.