वेलांटी सुटली, कुलूप लागलं

एका पतसंस्थेला दर महिन्याला सभासदांचे खातेउतारे पीडीएफमध्ये आपोआप तयार होऊन मेलवर जायला हवे होते. "मराठीत हवेत आणि सिक्युअर हवेत," एवढंच सचिवसाहेबांचं म्हणणं. अंगावर येतात ती असली एका ओळीची कामंच.

माझ्या लॅपटॉपवर उतारा देखणा होता. सर्व्हरवर गेला आणि नावाच्या जागी रिकामे चौकोन, पत्त्याच्या जागी चौकोन, खाली सहीच्या जागी 'व्यवस्थापक' होतं तिथंही चौकोन. सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नव्हता. अडोबीनं १९९३ साली पीडीएफ आणलं, तेव्हा १४ फॉन्ट पीडीएफ उघडणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरात असणारच असं धरलं होतं. हेल्वेटिका, टाइम्स आणि कुरिअरची भावंडं, सिम्बॉल, आणि झॅफ डिंगबॅट्स. या शेवटच्यात कात्री आहे, टेलिफोन आहे, विमान आहे. 'ळ' नाही. बाकीच्यांनी आपापला फॉन्ट फाइलीत एम्बेड करून, म्हणजे आतच भरून, आणायचा.

आणला. चौकोन गेले आणि विनय शिंदे यांचे 'वनिय' झाले, किरणचा 'करिण' झाला. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवतात, दाखवायची मात्र आधी. ही उलटापालट, शिवाय जोडाक्षरं जुळवणं, हे शेपिंग इंजिनाचं काम. पीडीएफ बनवणाऱ्या आमच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या गाठोड्यात, ते इंजिनच नव्हतं. ती अक्षरं आली तशी रांगेत उभी करत होती. कुऱ्हाडे आडनावाचं काय झालं ते इथं टाइपही करता येणार नाही. सचिवसाहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "हे वनिय कोण? थकबाकी बरीच दिसतेय त्यांची."

शेवटी ब्राउझरलाच पडद्याआड बसवून पान छापून घेतलं. त्याला मराठी येतं. पण साहेबांना संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरवरचाच फॉन्ट हवा होता, आणि तो रुपयाच्या चिन्हापेक्षा वयानं मोठा. ₹ युनिकोडमध्ये आलं २०१० साली. त्यामुळे शिल्लक निघाली चौकोन बारा हजार पाचशे. मी गुपचूप 'रु.' लिहिलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. संपूर्ण प्रकल्पातला हा माझा एकमेव निखळ आनंद.

मग सिक्युअर. पीडीएफला पासवर्ड दोन असतात, उघडणाऱ्याचा आणि मालकाचा. मालकाच्या पासवर्डानं छपाई बंद, कॉपी बंद असं ठरवता येतं. साहेबांनी हौसेनं सगळंच बंद करायला लावलं. एकदा फाइल उघडली की ही बंधनं पाळायची की नाही हे समोरच्या सॉफ्टवेअरच्या सज्जनपणावर असतं, हे मी सांगितलं. त्यांनी ते मतदारांची यादी वाचून दाखवावी तसं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात सभासद झेरॉक्सवाल्याकडून परत आले. प्रिंट निघत नाही. मग छपाई चालू केली.

तेवढ्यात ऑडिटरचा निरोप आला, दप्तरी प्रत पीडीएफ-ए मध्ये ठेवा. पीडीएफ-ए म्हणजे वर्षानुवर्षं टिकवायचा प्रकार. त्यात फॉन्ट आतच हवेत आणि एनक्रिप्शनला, म्हणजे पासवर्डाच्या कुलपाला, सक्त मनाई. म्हणजे एकाच उताऱ्याची एक प्रत कुलपात आणि एक सताड उघडी. साहेब म्हणाले, "उघडी कपाटात ठेवू, कपाटाला कुलूप लावू." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर ते बरोबरच होतं.

राहिला उघडायचा पासवर्ड. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारखेचा दिवस-महिना, बँका देतात तसा. मराठी नाव घ्यावं तर 'स्वप्निल'ची चार अक्षरं कोणती? माणूस मोजतो स्व, प्नि, ल, आणि चौथं शोधत बसतो. कॉम्प्युटर मोजतो स, हलन्त, व, प आणि तिथंच थांबतो. इंग्रजी स्पेलिंग घ्यावं तर उमाताईंची अक्षरं तीनच.

तारखेचा घोळ त्याहून सुंदर. यादी उघडली तर साठीच्या पुढचे निम्मे सभासद एक जूनला जन्मलेले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली. सगळ्यांच्या कुलपाची अर्धी किल्ली ०१०६.

"मग खातेक्रमांकाचे शेवटचे चार आकडे घ्या," साहेब म्हणाले. घेतले. सगळे उतारे उघडायला लागले, तक्रारी थांबल्या. दोन दिवसांनी साहेबांचा फोन, "लोकांना खातेक्रमांक आठवत नाही हो. मेलच्या विषयातच टाका ना तेवढा."