आमचं कसं चाललंय

डिसेंबर उजाडला की ताईचा फॅमिली ग्रुपवर मेसेज येतो, "चला, आपापलं वर्ष लिहून टाका." हे खूळ तिचंच. ती अमेरिकेत, धाकटा भाऊ जर्मनीत, मी आणि आई-अण्णा इकडे, त्यामुळे वर्षातून एकदा तरी प्रत्येकाचं नीट कळावं असं तिचं म्हणणं. यंदा नवरा म्हणाला, तू लिही, तुझं मराठी चांगलंय. आमच्या घरात कुठलंही काम माझ्या गळ्यात पडतं ते असंच कौतुकाची शाल पांघरून येतं.

लिहायला बसले तर काही आठवेचना! म्हणजे धावपळ चालू होती, दमायला होत होतं, सोमवारनंतर थेट शुक्रवार यायचा एवढं पक्कं आठवतंय, पण झालं काय नेमकं? मग फोनची गॅलरी उघडली. त्यात शाळेच्या नोटिसांचे स्क्रीनशॉट, बोर्डिंग पासचे स्क्रीनशॉट, कुणाच्या तरी वायफायचा पासवर्ड, पार्किंगमधल्या खांबाचे फोटो (गाडी सापडावी म्हणून), नवऱ्याच्या मीटिंगमधले बाण आणि चौकोन, आणि मुलाने काढलेले स्वतःच्या नाकाचे बत्तीस फोटो, तेही सगळे एकाच नाकपुडीचे. फुकट मिळणारी 15 जीबी जागा आम्ही या ऐवजावर भरली. माणसांचे फोटो थोडेच आणि त्यात मी कुठेच नाही, कारण फोटो काढणारी मी.

तर शाळा. मुलगी आठवीत गेली. तिच्याबद्दल यापेक्षा जास्त माहिती मलाही नाही. ती भिंतीपलीकडच्या खोलीत असते, मी मेसेज करते, निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. मुलगा तिसरीत, त्याच्या शाळेचा मेसेज मात्र रात्री पावणेदहाला येतो की उद्या सूर्यमालेचं मॉडेल आणणे. रात्री अकरा वाजता घरातले सगळे चेंडू, मणी, जुन्या लोकरीचे गुंडे गोळा करून आम्ही आठ ग्रह केले, शनीची कडी काढताना नवऱ्याने बोट कापून घेतलं, आणि रविवारच्या कॉलवर मुलाने ते मोठ्या अभिमानाने दाखवलं तर अण्णा म्हणाले, "नववा कुठाय?"

आता 2006 साली प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह केलं हे अण्णांना माहीत नाही असं नाही, त्यांना ते मान्य नाही. त्यांनी परीक्षेत नऊ ग्रह लिहून मार्क मिळवलेत, ते आता कुणाला परत करायचे? मुलगा म्हणे आठच, अण्णा म्हणे नऊ, भाऊ मधेच म्हणाला बटुग्रह धरायचे तर पाच होतात, मग प्लूटोचीच काय एवढी बाजू घेता, आणि या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली.

हे पंचवीस मिनिटांचं दुःख कळायला आमचा कॉल समजून घ्यावा लागेल. रविवारी आमची संध्याकाळ, भावाची दुपार आणि ताईची सकाळ अशी एकच फट आहे जिच्यात आम्ही सगळे जागे असतो. ज्या अ‍ॅपवर बोलतो त्याचं फुकट खातं 40 मिनिटांनी कॉल बंद करतं. पैसे भरा म्हटलं की प्रत्येक जण दुसऱ्याच्या चौकोनाकडे बघतो. त्यातली पहिली दहा मिनिटं "अण्णा, आवाज येत नाहीये", "अण्णा, माईकचं बटण", "अण्णा, ते नाही, ते नाही, अहो गेले" यात जातात, आई कॅमेरा कायम छताकडे धरते त्यामुळे आम्ही वर्षभर त्यांच्या पंख्याशी बोललो, आणि जरा कुणी मनातलं बोलायला लागलं की वेळ संपते. मग दुसरी लिंक. ती मला पाठवायला दहा मिनिटं लागतात, तोवर भाऊ झोपलेला असतो.

त्यात ती घड्याळं! अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी, आमची बारा महिने आहेत तिथेच. म्हणजे दोन-तीन आठवडे ताईची वेळ बदललेली असते आणि भावाची नसते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी भाऊ मागे येतो, ताई नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे परत एक आठवडा गोंधळ. अण्णांनी याचा तक्ता करून भिंतीवर लावलाय. तक्ता अचूक आहे, फक्त तो बघून कॉलला येतात एकटे अण्णाच.

प्रवास झाला, भावाकडे जाऊन आलो. चेक-इनची बॅग बेल्टवर सरकली आणि काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, पॉवर बँक आहे का आत? ती फक्त हातातल्या सामानात चालते हे नवऱ्याने मला आदल्या रात्रीच समजावून सांगितलं होतं, आणि पॉवर बँक त्याच्याच कपड्यांत, अगदी तळाशी, मोज्यात निघाली. मागे रांग, समोर आमचं उघडं पडलेलं आयुष्य. (जर्मनी छान आहे.) परत येताना मात्र पूर्वेकडचा प्रवास, शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही, त्यामुळे मध्यरात्री दोन्ही पोरं टक्क जागी आणि सकाळी शाळेच्या वेळी ओंडके. दुसऱ्याच दिवशी शाळा होती. परतीची तिकिटं कुणी काढली हा विषय घरात आता काढत नाही.

नोकऱ्यांचं काय लिहायचं? दोघांच्याही आहेत. मी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जाते, नवरा पूर्णवेळ घरून.

एवढं सगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून मी फोनला तोंडी सांगत गेले, त्याने लिहिलं, मी वरवर नजर फिरवून ग्रुपवर टाकलं आणि फोन चार्जिंगला लावून झोपले. सकाळी उठून बघते तर चौतीस मेसेज. "घरून काम करतो" चं फोनने काय केलं होतं? "नवरा वर्षभर घरकाम करतोय, मीटिंगा सांभाळून."

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत सुधारता येतो. माझी आठ तासांची झोप झाली होती. सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण दोन दिवस मिळतात म्हणून मी बोट टेकवणार तोच नवरा म्हणाला, "राहू दे ना, छान लिहिलंयस." तोवर ताईने तो तिच्या सासरच्या ग्रुपवर पाठवला होताच, वर "शिका काहीतरी" असं लिहून.

त्या रविवारी वर्षात पहिल्यांदा सगळे वेळेवर आले. आईचा कॅमेरा चक्क तिच्या चेहऱ्यावर होता. अण्णांचा माईक चालू. मुलगीसुद्धा खोलीतून बाहेर येऊन बसली. ताईच्या नवऱ्याने त्याची बाजू मांडली, भावाने जर्मनीत कशी पद्धत आहे ते सांगितलं, माझा नवरा मान खाली घालून विनयाने हसत होता, तेवढ्यात आईने विचारलं, "जावईबापू, भांडीसुद्धा तुम्हीच घासता?"

नवऱ्याने घसा खाकरला. "म्हणजे आई, तसं बघायला गेलं तर..." आणि 40 मिनिटं झाली.

दुसरी लिंक मी दहाव्या सेकंदाला पाठवली.