कंटेनरात माणसं कशी भरावीत

तुम्ही आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला असाल, कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला काढलेला पैसा मार्चच्या आत संपवायचा असेल किंवा नुसतंच मन हळवं असेल, तर दरडग्रस्तांसाठी कंटेनरचं घर डिझाइन करण्याइतकं पुण्याचं आणि सोपं काम दुसरं नाही. भिंती तयार, छप्पर तयार, दार तयार. खिडकी कुठे कापायची आणि बाहेरून रंग कोणता द्यायचा, एवढंच तुमच्या डोक्याला काम. रंगाचं आधी ठरवा. केशरी फोटोत छान उठतो, आणि मागे हिरवा डोंगर असतोच. त्याचा जो भाग अजून खाली आलेला नाही, तो चौकटीत घ्यावा.

जागेसाठी फार लांब जायला नको. रायगडइतका सोयीचा जिल्हा नाही. एका टोकाला उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर, तिथे १९८९पासून कंटेनर उतरतायत. दुसऱ्या टोकाला सह्याद्री, तिथे पावसाळ्यात डोंगर उतरतात. मागणी आणि पुरवठा एकाच जिल्हाधिकाऱ्यांच्या हद्दीत. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली, उरलेल्यांची सोय कंटेनरमध्ये झाली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण मिळालेच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबला. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना खाली चौकजवळ कंटेनर मिळाले. त्या दिवशी तळियेची माणसं कुठे होती म्हणता? कंटेनरमध्येच. दोन वर्षं पुरी होत आली होती. तेव्हा तुमचं डिझाइन टिकाऊ नाही असं डिझाइन स्पर्धेच्या परीक्षकांपैकी कोणी म्हणालंच, तर हा दाखला बेधडक पुढे करा.

आता मोजमापाकडे वळू. वीस फुटी कंटेनर आतून साधारण सव्वाएकोणीस फूट लांब आणि जेमतेम पावणेआठ फूट रुंद. म्हणजे दीडशे चौरस फूट, चौरस मीटरमध्ये चौदाला थोडे कमी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा मदत छावणीसाठीचा किमान निकष आहे माणशी साडेतीन चौरस मीटर. भागाकार केलात तर चारसुद्धा पुरते बसत नाहीत, आणि उष्णता अडवायला आतून दोन-दोन इंचांचं अस्तर लावलंत की भिंती आणखी जवळ येतात. म्हणून भागाकार करू नये. नकाशात नवरा, बायको आणि एक गोड मूल दाखवावं, मुलाच्या हातात पुस्तक द्यावं. आजी दाखवू नये. तशीही ती तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या तयार आकृत्यांत नसतेच. तिथे कुत्र्याला फिरवणारा माणूस मिळतो, सायकलवाली मुलगी मिळते, कॉफीचा कप घेतलेला दाढीवाला तर हमखास मिळतो. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई मिळाली तर मला कळवा.

मोळीवरून आठवलं, चूल. स्वयंपाकघर म्हणून एका कोपऱ्यात दोन फुटांचा ओटा काढा, त्यावर गॅसची शेगडी ठेवा आणि विषय संपवा. सिलिंडर संपल्यावर काय, हा प्रश्न रचनाकाराचा नाही. बाई बाहेर तीन दगड मांडून चूल पेटवेल, पाऊस आला की ती दाराशी आणेल, मग उंबऱ्याच्या आत घेईल, आणि मग तुम्ही परिषदेत खेदानं सांगू शकाल की लाभार्थ्यांमध्ये सुविधांच्या वापराबाबत जागृती नाही. पुढे दहा फुटांची पडवी काढली असती तर चूल तिथे राहिली असती, शेळी तिथे बांधली असती, ओली घोंगडी तिथे वाळली असती, म्हाताऱ्यानं तिथेच तंबाखू मळली असती. पण पडवी काढली की कंटेनर कंटेनरासारखा दिसत नाही, गावातल्या घरासारखा दिसायला लागतो. मग बक्षीस कोण देणार?

छपराचं तेच. पत्रा उन्हात तापतो, हे शोधायला आयआयटी लागत नाही. एप्रिलच्या दुपारी आतल्या माणसांना बाहेर आंब्याखाली जाऊन बसावं लागतं, आणि सपाटीकरण करताना आंबा आपण आधीच तोडलेला असतो. उपाय अगदी बावळट आहे. कंटेनरच्या वर फूट-दीड फुटाची फट सोडून दुसरं उतरतं छप्पर घालायचं, कडा भिंतींच्या बाहेर काढायच्या. ऊन वरच्या छपरावर, मधून वारा, पागोळ्या भिंतीपासून लांब. रायगडात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि सपाट लोखंडी माथ्यावर तो पडायला लागला की आतलं माणूस शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलतं. ज्यांनी एका रात्री पावसातच सगळं गमावलं त्यांना पुढचे पावसाळे हा आवाज उशाशी घेऊन काढायचे असतात. वरचं छप्पर तोही पुष्कळ कमी करतं. तरीही ते सुचवू नका. त्यात नावीन्य नाही, कोकणातला कुठलाही सुतार ते तुमच्याआधी सांगेल. तुम्ही सौर पॅनेल सुचवा.

जुनाच मालवाहू कंटेनर वापरणार असाल तर दाराकडे एक नजर टाका. त्याला चार उभे दांडे असतात, आणि ते बाहेरूनच लागतात. आत राहणाऱ्याला कडी नाही, कारण आत कोणी राहील हे त्या दाराच्या कल्पनेतही नव्हतं. तुम्ही बाजूची भिंत कापून नवं दार बसवाल, दोन खिडक्या पाडाल, हौसेनं एक काचेचा मोठा भाग काढाल. कंटेनरचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असला तरी त्या नागमोडी भिंती त्याला ताठ धरून असतात. एवढं कापल्यावर चौकटी जोडून मजबुती परत आणावी लागते, तो खर्च मूळ अंदाजपत्रकात दाखवू नये. जमिनीचं प्लायवूडही तसंच राहू द्या. जहाजातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून त्यावर कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. त्याच्यावर मुलं रांगतील. वरून एक रंगीत विनाइल अंथरा, विषय झाकला जातो. आणि वीज जोडताना अर्थिंगची ओळ ठेकेदारानं गाळली तर तिकडेही दुर्लक्ष करा. भिंती, छप्पर, दार सगळं लोखंडाचं, बाहेर चिखल, आत ओले पाय. असल्या किरकोळीत रचनाकारानं पडू नये.

सादरीकरणात जपान हवाच. २०११च्या त्सुनामीनंतर ओनागावा गावात शिगेरू बान या वास्तुविशारदानं वीस फुटी कंटेनर एकमेकांवर रचून १८९ कुटुंबांची सोय केली, हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलेलं असणारच. स्लाइड लावा आणि पटकन पुढे सरका. थांबलात तर कोणीतरी नीट बघेल. त्यानं कंटेनर तिथे बुद्धिबळाच्या पटासारखे, एक सोडून एक रचले होते. मधल्या मोकळ्या चौकोनांना काच लावून बसायच्या खोल्या केल्या, कंटेनरांत न्हाणीघर आणि मुलांच्या खोल्या गेल्या. म्हणजे माणसं बरीचशी राहिली ती कंटेनरांच्या मधल्या जागेत. आत भिंतीला लागून कपाटं-फडताळं बांधून दिली, कारण सगळं वाहून गेलेल्या माणसाकडेही चार महिन्यांत सामान साठतं. आणि तीन मजले चढवले ते गावात सपाट जमीन नव्हती, बेसबॉलचं एक मैदान होतं म्हणून. आपण यातलं नेमकं काय घ्यायचं? कंटेनर.

जागा निवडताना हमरस्ता बघा. ट्रेलर वळला पाहिजे, कंटेनर उतरवणारी हायड्रा क्रेन उभी राहिली पाहिजे, मंत्र्यांच्या गाड्या लागल्या पाहिजेत. इर्शाळवाडीला तर रस्ताच नव्हता, बचावाला गेलेली माणसंही डोंगर चढून गेली होती आणि हातानं माती उपसत होती, कारण जेसीबी वर जाईना. तेव्हा वस्ती खाली आणावी लागली हे खरंच, त्यात वाद नाही. पण शेत वर राहिलं, गुरं वर, रानातला मोह आणि करवंदं वर. खाली मिळाली ती रांगेत मांडलेली खोकी, रोज तितकाच डोंगर चढायचा आणि उतरायचा. नकाशात गोठा काढला का, हे विचारायला कोणी येणार नाही. संडास मात्र शेवटच्या रांगेच्याही पलीकडे काढा, वास नको. रात्री तिथवर दिवा नसेल. बायका आपापली वेळ ठरवतील, त्यांना सवय असते असं आपल्याकडे समजतात.

ग्रामस्थांशी चर्चा अवश्य करावी, कंटेनर पोचल्यानंतर. आधी केलीत तर ते म्हणतील, आम्हाला भाड्याचे पैसे द्या, आम्ही पाहुण्यांकडे राहतो. किंवा म्हणतील, बांबू आणि पत्रे द्या, आम्ही आमचं उभं करतो, आणि तो पत्रा पुढे पक्क्या घराला उपयोगी पडेल. किंवा त्याहून वाईट, म्हणतील की हा खर्च दरड यायच्या आधी आम्हाला हलवायला का नाही केला. इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारनं विधिमंडळात सांगितलं आहे. यादी नीट करण्याचं काम भूगर्भशास्त्रज्ञांचं, कंटाळवाणं, आणि त्याची कुठे स्पर्धा भरत नाही. तिकडे फिरकू नका.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. मालवाहू कंटेनरच्या दारावर खाली एक छोटी धातूची पट्टी रिव्हेट केलेली असते. वहीच्या पानाहून लहान. तिच्यावर कंटेनर कधी बनला, जास्तीत जास्त वजन किती, वर किती भार रचायचा, हे सगळं ठोकलेलं असतं. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानं ती सक्तीची केली. बनल्यापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी, मग दर तीस महिन्यांनी पुन्हा, म्हणजे टीव्ही, चपला आणि गोठवलेली कोळंबी नेणाऱ्या खोक्याला तपासणीचं वेळापत्रक असतं. बंदरात कोणीही माणूस वाकून तारीख बघू शकतो. त्याच खोक्यात सात माणसांचं कुटुंब ठेवलंत की ते वेळापत्रक संपतं. कोण तपासणार, कधी, आणि कोणत्या तारखेला यांना पक्क्या घरात न्यायचं, हे कुठल्याही दारावर ठोकलेलं नसतं. तुम्हाला तसली एक पट्टी सुचवायचा मोह होईल. गावाचं नाव, प्रवेशाची तारीख, बाहेर पडायची तारीख, जबाबदार अधिकाऱ्याचं पद. खर्च शंभर-दोनशे रुपये. हा मोह आवरा. असल्या पट्टीपायी अख्खा प्रकल्प नामंजूर होऊ शकतो. रंग देणाऱ्याला सांगा, जुन्या पट्टीवरूनही एक हात मारून घे.

लोकार्पणाच्या दिवशी आतला पंखा चालू ठेवा, बाहेर रांगोळी असू द्या, एका घराची प्रतीकात्मक चावी मोठ्या पुठ्ठ्याची करून घ्या. वर्षभरानं पत्रकार येतील. त्यांना कामाचा आदेश निघाल्याचं सांगा, त्याच्या पुढच्या वर्षी चौथऱ्यापर्यंत आल्याचं सांगा, त्यानंतर काम प्रगतिपथावर असल्याचं. आणि तुमची मूळ फाइल मात्र जपून ठेवा. गावाचं नाव वेगळ्या लेयरवर टाका, म्हणजे पुढच्या जुलैत बदलायला वेळ लागणार नाही.